हुदहुद कसे ऐकावे आणि कसे जपावे: फिलिपिन्सच्या आदिवासी गायनाविषयी एका संगीतशिक्षिकेस उत्तर

दुबईतील एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेने मला काही प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या वर्गात बरीच फिलिपिनो मुले असल्यामुळे स्नेहसंमेलनात फिलिपिन्सच्या आदिवासी समाजांचे एखादे गाणे बसवावे, असे त्यांच्या मनात आहे. मात्र इंटरनेटवर मिळालेली ध्वनिमुद्रणे त्यांना एकसुरी वाटली आणि ती कशी ऐकावीत हे उमगेना. त्यांतील एखादी चाल उचलून तिला तीन आवाजांची साथ जोडली तर चालेल का, अशी त्यांची शंका आहे; आणि एवढे सगळे चित्रित होऊन जगापुढे पडलेले असताना जतनाचे म्हणून आणखी काय करायचे उरते, असाही त्यांचा प्रश्न आहे. ध्वनिमुद्रण आणि संग्रहण हेच माझे काम असल्यामुळे या शेवटच्या प्रश्नावर मी जरा अधिक रेंगाळेन.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या वर्गातील बहुतेक मुलांची मूळ घरे मनिला, सेबू, इलोइलो अशा सखल भागांतील असण्याची शक्यता अधिक आहे, आणि त्यांच्या कानांना लुझोन बेटाच्या उत्तरेकडील कॉर्डिलेरा डोंगरांतले इफुगाओ लोकांचे हुदहुद हे कथागायन आपल्याइतकेच परके वाटेल. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशात पावणेदोनशेच्या आसपास भाषा बोलल्या जातात. स्पॅनिश सत्ता तेथे तीनशेहून अधिक वर्षे होती. ती सखल प्रदेशात खोलवर रुजली, पण कॉर्डिलेराचे डोंगर आणि दक्षिणेकडील मुस्लिम मिंदानाव यांवर तिला तसा ताबा कधीच मिळवता आला नाही. सखल भागात दीर्घ पद्यगायनाची सवय ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा गाण्यात रमली आणि पवित्र सप्ताहात ती आजही तासन्‌तास गायली जाते. डोंगरांत आणि दक्षिणेत मात्र जुन्या वीरकथा, सुगीची गाणी, मृत्यूच्या प्रसंगीची गाणी आणि पद्यातले संवाद त्या त्या समाजाकडेच राहिले. म्हणून एखाद्या फिलिपिनो मुलाला उभे करून 'तुमच्याकडचे हुदहुद म्हणून दाखव' असे सांगणे अन्यायाचे ठरेल. ते गाणे त्याच्या देशातले असले तरी त्याच्या घरातले नाही.

आता ऐकण्याविषयी. हुदहुद हे इफुगाओ लोकांचे कथागायन आहे. त्याच्या दोनशेहून अधिक कथा आहेत, प्रत्येक कथेचे सुमारे चाळीस भाग असतात आणि पूर्ण कथा गायला काही दिवस लागू शकतात. ते भाताच्या पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत, तसेच मृताजवळ जागरण करताना गायले जाते, आणि गाणाऱ्या मुख्यतः बायका, त्यातही वयस्कर बायका असतात. आपल्याला ते एकसुरी वाटले यात आपल्या कानांचा दोष नाही, कारण सगळ्या ओळींना खरोखरच एकच चाल आहे. रागसंगीतावर किंवा चित्रपटगीतांवर पोसलेला कान चाल कधी वळेल याची वाट पाहत बसतो, आणि ती वळतच नाही म्हटल्यावर कंटाळतो. येथे चालीकडे ते काम दिलेलेच नाही. ती शब्दांना वाहून नेते, आणि सगळ्यांना पाठ असल्यामुळे कोणालाही तीत शिरता येते.

म्हणून कान चालीवर ठेवण्याऐवजी आवाजांच्या देवाणघेवाणीवर ठेवावा. मुख्य गायिकेला मुनहाव-ए म्हणतात आणि झील धरणाऱ्या बायकांना मुन-अब्बुय. मुनहाव-ए ओळ एकटी सुरू करते. कोणाविषयी आणि कोठल्या गावाविषयी बोलणे चालले आहे, हे सांगणारे शब्द तिच्या तोंडून निघाले की पुढे कोणती ठरीव पदे येणार हे इतर जणींच्या ध्यानात येते, कारण कथेचा नायक, हन्नंगा गावचा अलिगुयोन म्हटले की तो अम्तालावचा मुलगा हे ओघानेच आले. त्या लगेच आवाज मिळवून ओळ पुरी करतात. शेवटचे स्वर लांबवले जातात, कोणी किंचित आधी शिरते, कोणी किंचित मागे राहते, आणि त्या दाटीतून मुनहाव-ए पुढच्या ओळीसाठी श्वास घेते. तिला हा विसावा मिळतो म्हणूनच इतका वेळ गाता येते, आणि पुढच्या प्रसंगाची जुळणीही ती तेवढ्या वेळात मनात करते. एकदा हे कानात बसले की पुढच्या वेळी फक्त 'आता त्या कोठे शिरतात' एवढेच ऐकत बसावे. अनुभवी चमू कोणता आणि शाळेत तयार झालेला कोणता, हे त्या जागेवरून बहुतेक वेळा ओळखता येते.

कथाही उत्कंठेसाठी ऐकायची नसते, कारण ती सर्वांना ठाऊक असते. अलिगुयोन वडिलांच्या शत्रूशी लढायला जातो, तेथे त्याची गाठ त्या शत्रूच्या मुलाशी, पुम्बाखायोनशी पडते, दोघे वर्षानुवर्षे तोडीस तोड लढत राहतात, आणि अखेर वैर मिटवून एकमेकांच्या बहिणींशी लग्ने करतात. ऐकणाऱ्याचे लक्ष असते ते आजची गायिका लढाई किती ताणते, पुम्बाखायोनच्या बहिणीला, बुगानला, किती जागा देते आणि बारीकसारीक वर्णनात किती रमते याकडे. स्वरांबाबत एक विनंती अशी की हे गायन पेटीच्या पट्टीवर तपासू नये. स्वर घसरतात, दोन पट्ट्यांच्या मधे उतरतात आणि गायिकांच्या आवाजाची उंचीही हळूहळू सरकते. त्याला बेसूर म्हणणे म्हणजे दुसऱ्याच परीक्षेचा कागद तपासणे होय.

हुदहुदवरून मात्र साऱ्या देशाच्या गायनाची कल्पना करू नये. त्याच कॉर्डिलेरात इबालोय लोकांच्या बा-दिवमध्ये एक जण प्रसंगाला साजेसे शब्द तेथल्या तेथे रचून गातो आणि जमलेले लोक त्याचे शब्द उचलून धरतात. दक्षिणेकडे सुलू द्वीपसमूहातील तावसुग लोकांचे लुगु वाद्याविना, एका अक्षरावर अनेक स्वर फिरवत गायले जाते आणि ते धार्मिक प्रसंगांशी बांधलेले आहे. पालावान बेटावरील कुलिलाल हे प्रेमगीत असून त्याला पुरुष कुस्यापी नावाच्या दोन तारांच्या वाद्याची आणि स्त्री पागांग नावाच्या बांबूच्या तंतुवाद्याची साथ करते. तेथील मासिनो इंताराय हे कुलिलाल गात, वाद्ये वाजवत आणि रात्रभर वीरकथाही गात. त्यांना 1993 साली देशाच्या पारंपरिक कलावंतांसाठीचा सर्वोच्च सन्मान पहिल्याच तुकडीत मिळाला.

त्याच तुकडीतील गिनाव बिलोग यांच्या आंबाहानवर मात्र थोडे थांबावे लागेल. मिंदोरो बेटाच्या दक्षिण भागातील हानुनोओ मांग्यान लोकांचा हा पद्यप्रकार आहे. ओळ सात अक्षरांची, ओळींची अखेर यमकाने बांधलेली, आणि भाषा रोजच्या बोलण्याहून वेगळी, काव्यासाठी राखून ठेवलेल्या शब्दांची. त्यात ठरावीक स्वरांची चाल नसते. ते गाणे आणि बोलणे यांच्या मधल्या आवाजात म्हटले जाते. वाटसरू रात्रीचा आसरा आंबाहानमधून मागतो, तरुण मुलगा मुलीच्या मनाचा अंदाज आंबाहानमधून घेतो, आईबाप मुलांना चार शब्द आंबाहानमधून सुनावतात, आणि समोरच्याने जमल्यास आंबाहाननेच उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. उघडपणे बोलायला अवघड अशा गोष्टी झाडे, पक्षी आणि वाटा यांच्या आडून बोलता येतात, ही त्याची सामाजिक सोय.

हे पद्य सुरीच्या टोकाने बांबूवर कोरले जाते, आणि ज्या लिपीत कोरतात ती ब्राह्मीच्या वंशातली, म्हणजे आपल्या देवनागरीची दूरची भावंड आहे. मूळ व्यंजनात 'अ' धरलेला असतो आणि इतर स्वरांसाठी बारीक खूण जोडली जाते, हे आपल्याला लगेच ओळखीचे वाटेल. मात्र पारंपरिक लेखनात अक्षराचा पाय मोडण्याची सोय नव्हती. शब्दाच्या शेवटचे व्यंजन लिहिलेच जात नसे. ते वाचणाऱ्याने भाषेच्या आणि पद्याच्या ज्ञानावरून भरून घ्यायचे. पुढे या लिपीत आणि आंबाहानमध्ये आयुष्य घालवलेले डच धर्मोपदेशक आणि अभ्यासक आंतून पोस्तमा यांनी त्यासाठी पामुदपोद नावाची खूण आणली. याचा जतनाशी जवळचा संबंध आहे. आंबाहान बांबूवर कोरलेले असले तरी ज्याला ते आधीपासून येते त्यालाच ते धड वाचता येत असे. या लिपीचा युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत 1999 साली समावेश झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कोरलेल्या बांबूंचा संग्रह कितीही मोठा झाला तरी उत्तराचे आंबाहान म्हणणारा माणूस त्यातून तयार होत नाही.

आता जतनाकडे येतो. हुदहुदला युनेस्कोने 2001 साली मौखिक वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले आणि 2008 साली त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत झाली. 1995 पासून जागतिक वारसा असलेली इफुगाओंची भातखाचरे त्याच 2001 साली धोक्यातील वारशाच्या यादीत गेली आणि 2012 मध्ये त्यातून बाहेर आली. या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. गाणे बाईच्या गळ्यात असले तरी त्याला प्रसंग देत होती ती खाचरातली कापणी, जेथे रांगेने उभ्या राहिलेल्या बायका हाताने कणसे कापत पुढे सरकत. तरुण मंडळी शहरांकडे गेली, काही ठिकाणी यंत्र आले, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर जुन्या विधींची गरज अनेकांना वाटेनाशी झाली, आणि गाण्याला बसायची जागाच कमी झाली. जात्यावरच्या ओवीचे आपल्याकडे असेच झाले. पिठाची गिरणी आली आणि पहाटेचे दळण थांबले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या टिपल्या गेल्या हे आपले मोठे भाग्य, तरीही त्या ओव्यांना रोजचा प्रसंग उरलेला नाही.

म्हणून ध्वनिमुद्रणे निरुपयोगी आहेत असे मात्र कोणी समजू नये. होसे मासेदा या संगीतकार-अभ्यासकाने 1950 च्या दशकापासून देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊन केलेली मुद्रणे आज फिलिपिन्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि 2007 साली जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांचा समावेश झाला. ज्या गायकांच्या नंतर त्या तोडीचे कोणी झाले नाही, अशांचे आवाज त्यामुळे ऐकता येतात. परंतु फीत हीदेखील नाशवंत वस्तू आहे. जुन्या अ‍ॅसिटेट फितीचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तिचा पाया विघटित होऊ लागला आहे आणि तिला शेजारच्या फितींपासून ताबडतोब वेगळे ठेवले पाहिजे असे समजावे. 1970 आणि 1980 च्या दशकांतील अनेक फितींचा थर ओलावा शोषून चिकट होतो. अशी फीत तशीच यंत्रावर चढवली तर ती किंचाळते आणि तिचा थर मुद्रणशीर्षावर खरवडून निघतो. ती आधी पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास काळजीपूर्वक शेकून मगच एकदा वाजवायची आणि त्याच वेळी 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिट अशा न दाबलेल्या फाइलमध्ये उतरवून घ्यायची.

नवे मुद्रण करणाऱ्यांकडून मला वारंवार दिसणारी चूक वेगळीच आहे. मायक्रोफोन मुख्य गायिकेच्या पुढ्यात ठेवला जातो, आणि ज्या साथीमुळे हुदहुद किंवा बा-दिव उभे राहते ती साथ पार्श्वभूमीत अस्पष्ट गुणगुणीसारखी उरते. असे मुद्रण ऐकून कोणाला झील धरायला शिकायचे असेल तर शिकता येणार नाही, आणि पुढच्या पिढीत नेमकी तीच माणसे कमी पडणार आहेत. एक मायक्रोफोन गायिकेसाठी, एक साथीसाठी आणि दोन्हींचे मार्ग वेगळे, एवढी साधी काळजी पुरते. कोंबडा, पाणी, मुलांचा आवाज हे सगळे संगणकावर पुसून टाकण्याचा मोह आवरावा. गाणे संपल्यावर यंत्र लगेच बंद करू नये, कारण 'तू तो प्रसंग गाळलास' किंवा 'माझी आई हे असे म्हणत नसे' ही बोलणी नेमकी त्यानंतर सुरू होतात आणि अभ्यासकाला तीच सोन्यासारखी असतात. कोण गाते, झील कोणी धरली, प्रसंग कोणता, ते कोणाकडून शिकले, या नोंदींशिवाय उत्तम मुद्रणही काही वर्षांत मुके होते.

या मर्यादा ओळखून फिलिपिन्सने दोन गोष्टी केल्या आहेत. एक म्हणजे 1992 च्या कायद्याने सुरू झालेला, वर उल्लेख केलेला सन्मान. त्यात मासिक वेतन असते आणि कलावंताने आपली विद्या पुढच्यांना शिकवावी अशी अट असते. पानाय बेटावरील कालिनोगचे वीरकथागायक फेदेरिको काबालेरो यांना तो 2000 साली मिळाला, तर 2023 च्या तुकडीत मिंदानावमधील त'बोली समाजाच्या गायिका रोझी सुला आणि उत्तर लुझोनमधील इलोकानो लोकांचे दाल्लोत हे पद्यगायन करणाऱ्या आदेलिता बागकाल होत्या. दुसरी म्हणजे गावोगावच्या 'जिवंत परंपरांच्या शाळा'. तेथे जाणता माणूस आपल्याच समाजातील मुलांना, आपल्याच जागेत, वर्गपद्धतीशिवाय शिकवतो. युनेस्कोने 2021 साली हा उपक्रम वारसारक्षणाच्या उत्तम पद्धतींच्या नोंदवहीत घेतला, आणि माझ्या मते हा मान रास्त आहे. शाळकरी मुलांच्या हुदहुद स्पर्धांबाबत माझे मत इतके अनुकूल नाही. मुले उत्साहाने उतरतात हे चांगलेच. परंतु काही मिनिटांची मर्यादा, घोटून घेतलेला उतारा आणि परीक्षकांकडे तोंड करून उभी असलेली रांग यांत, कोणती ओळ येणार हे आधीपासून माहीत असल्यामुळे, ऐकून आत शिरण्याचे कौशल्य लागतच नाही.

परंपरा जशीच्या तशी टिकावी असा आग्रहही धरता येत नाही. पानायच्या डोंगरांत सुगिदानोन या वीरकथा जपण्यात बिनुकोत मुलींचा मोठा वाटा होता. त्यांना लहानपणापासून घरात, लोकांच्या नजरेआड वाढवत आणि त्या काळात त्यांना दीर्घ कथा पाठ होत. शाळेमुळे आणि बदलत्या जीवनामुळे ही प्रथा मावळत गेली. कथांसाठी मुलींना कोंडावे असे कोणी म्हणणार नाही. मग तेवढा निवांत काळ आणि तेवढी रोजची संगत आजच्या मुलांना वेगळ्या रीतीने कशी द्यायची हा प्रश्न उरतो, आणि तो सोडवण्याचा अधिकार त्याच समाजाचा आहे.

आपल्या तीन आवाजांच्या बांधणीविषयीचे उत्तर याच अधिकारातून येते. फिलिपिन्सच्या 1997 च्या आदिवासी हक्क कायद्याने अशा गाण्यांवर त्या त्या समाजाचा सामूहिक बौद्धिक हक्क मान्य केला आहे आणि त्यांच्या ज्ञानाच्या नोंदीसाठी आधी, मोकळेपणाने आणि सर्व माहिती देऊन घेतलेली संमती आवश्यक मानली आहे. दुबईतील शाळेच्या दारात कोणी हा कायदा घेऊन येणार नाही, हे खरे. पण इंटरनेटवर चित्रफीत दिसते म्हणजे ती गाणाऱ्यांनी आपल्याला वापरायला दिली असे होत नाही. मृत्यूच्या प्रसंगीचे हुदहुद, विधींची गाणी आणि लुगु यांना मंचावर मुळीच आणू नये. कापणीच्या हुदहुदलाही स्वरमेळाची साथ लावू नये असेच मी सुचवेन. हे शुद्धतेच्या हट्टापोटी नाही. तीन आवाज नेमून दिले की कोणी कोठे शिरायचे हे कागदावर ठरते, आणि या गायनाचा जीव ज्या तत्काळ शिरण्यात आहे तो निघून जातो. मागे उरते ती एक लहानशी चाल, जी एकटी खरोखरच सामान्य आहे.

काही बसवायचेच असेल तर सालिदुम्माय निवडावे. ते कॉर्डिलेरातील अनेक समाजांत पसरलेले, तुलनेने अलीकडचे, पाच स्वरांत फिरणारे आणि पालुपदाचे समूहगान आहे. फिलिपिन्सच्या शाळांतही ते शिकवतात, आणि नव्या प्रसंगावर नवे शब्द रचण्याची त्यात रीतच आहे. 1970 आणि 1980 च्या दशकांत चिको नदीवरील धरणांविरुद्धच्या लढ्याच्या काळातही ते गायले गेले. एका मुलाने ओळ म्हणावी आणि बाकीच्यांनी ती कान देऊन उचलावी, एवढे पाळले तरी खूप झाले. कार्यक्रमपत्रिकेत 'फिलिपिनो लोकगीत' असे मोघम न लिहिता समाजाचे आणि प्रदेशाचे नाव लिहावे. वर्गात आंबाहानची रीतही वापरता येईल. मुलांनी आपापल्या भाषेत सात अक्षरांच्या यमकबद्ध ओळी रचून एकमेकांना काही मागावे आणि उत्तरही तसेच द्यावे. त्यात कोणाचे गाणे उचलणे नाही, आणि ऐकून उत्तर देण्याचा सराव मात्र होतो.

त्याहून मोलाचे काम आपल्या वर्गातच आहे. एखाद्या इलोकानो मुलाच्या आजीला दाल्लोत ठाऊक असेल, इलोइलोकडच्या घरात एखादी जुनी अंगाई म्हटली जात असेल. मुलांनी आधी घरी विचारून, होकार मिळाल्यास, सुटीत गावी गेल्यावर ते मुद्रित करावे. व्हिडिओ कॉलवरचे मुद्रण आवाज दाबून टाकते, म्हणून शक्य तो फोन आजीजवळ ठेवून तेथेच मुद्रण करण्यास नातलगांना सांगावे. हे कोणाकडून शिकलीस आणि कधी म्हणत असत, हे प्रश्न यंत्र चालू असतानाच विचारावेत. मूळ फाइल कुटुंबाकडे राहावी, आणि शाळेला ती हवी असेल तर कशासाठी हवी हे सांगून शाळेने ती त्यांच्याकडून मागून घ्यावी.